सईचा स्टेक आणि दादांचा वाटा

मी कराडच्या स्टँडवरून मुंबईची गाडी धरली तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधी खिडकीची काच सरकवून पाहिली, मग सीटखाली वाकून पाहिलं, मग शेजारच्या बाईला तिचं गाव विचारलं. शेवटी कंडक्टरकडे असं रोखून पाहिलं की त्या बिचाऱ्यानं शर्टाची वरची गुंडी लावली. निरोपाचं असं ते काही बोलले नाहीत. "कुणी दिल्यालं खाऊ नगंस. आन् झोपलीस तर पिशवीवर पाय ठिवून झोप," एवढं म्हणून खाली उतरले. मला वाटलं गेले. गाडी वळली तेव्हा ते मागच्या टायरकडे बघत उभे होते, हवा नीट आहे का म्हणून.

तुम्ही जे गावातच राहिलात त्यांना हे नवीन नाही. आणि तुम्ही जे माझ्यासारखे उठून सानपाड्याला, नेरूळला, कुठेकुठे जाऊन बसलात, त्यांनी आपापल्या पिशवीतून काय आणलं ते आठवून पाहा. कुणी चटणी आणली असेल, कुणी वाकळ. मी संशय आणला. आमच्या घरात तो दुर्गुण धरत नाहीत, अक्कल धरतात. "विश्वास पानिपतातच गेला," असं दादा दूधवाल्यापासून व्याह्यापर्यंत सगळ्यांच्या बाबतीत म्हणत आले.

इथे कामोठ्यात माझ्या या गुणाचं सोनं झालं. शहर संशयावरच चालतं. आमच्या सोसायटीत लाकडी दाराआधी लोखंडी दार, त्याला भोक, भोकाला कॅमेरा. गेटवर कुणी आलं की मोबाइल वाजतो, आत सोडू का? मी एका लॅबमध्ये रक्त तपासते, म्हणजे माणूस ठणठणीत दिसत असला तरी आत काहीतरी असणारच, असं धरून चालायचा मला पगार मिळतो. दुधाची पिशवी फोडल्यावर मी पहिल्यांदा वास घेते. नवरा माझा राजापूरचा, मिलिंद. स्वभावानं गार. तो म्हणतो, "तू लग्नाच्या दिवशी मंगळसूत्राचा पण वास घेतला असशील." घेतला नव्हता. पण दाताखाली एक मणी धरून पाहिला होता.

आई गेल्यावर दादा गावी एकटे पडले. मी त्यांची एकुलती एक. मी या या म्हणून दोन वर्षं मागे लागले, तेव्हा कुठे आठ दिवसांच्या बोलीवर आले, तेही परतीचं तिकीट काढूनच. "लेकीच्या दारात आठ दिस म्हंजी पाव्हना. नववा दिस म्हंजी आशिरीत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला मात्र त्यांना परत पाठवायचंच नव्हतं. मागच्या थंडीत ते रात्री परसात पडले आणि सकाळी शेजारणीला दिसले. ते मला फोनवर कळलं, तेही तिसऱ्या दिवशी. त्यानंतर मला नीट झोप नाही.

पण दादा इथे रमेनात. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. मी भाकरी केली, ती ताटात तशीच. मटण केलं, तर रस्सा भाताला लावला आणि फोडी बाजूला सारल्या. "भूक न्हाई," म्हणायचे आणि खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत गॅलरीत जाऊन बसायचे. बोलणंही कमी झालं. मी मनात पंचनामा सुरू केला. लेकीच्या घरचं अन्न नको असेल. किंवा इथल्या मटणाचा संशय असेल. आमच्याकडे खाटीक बोकडाला शेपटी ठेवून टांगतो, कशाचं आहे ते गिऱ्हाईकाला दिसावं म्हणून, आणि दादा ती शेपटी पाहिल्याशिवाय पिशवी पुढे करत नाहीत. इथे मी आणलेलं प्लॅस्टिकच्या डब्यातून येतं. किंवा त्यांच्या कुणी चुलतभावानं फोनवरून कान भरले असतील, लेक जमिनीवर डोळा ठेवून बोलावतेय म्हणून. तो भाऊ कोण असेल याचीसुद्धा मी मनातल्या मनात यादी केली.

आठव्या दिवशी, म्हणजे दादा निघायच्या आदल्या दिवशी, सई म्हणाली, "आज जेवण माझ्याकडे." सई माझी मुलगी, नेरूळला हॉटेल मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षाला आहे. "स्टेक आणि क्रीमी पास्ता. अर्ध्या तासात रेडी. आणि आई, तू किचनमध्ये यायचं नाही."

माझ्याच ओट्यापाशी मला बंदी! मी विचारलं, "स्टेक कशाचा?"

"बोकडाच्या मांडीचा. हाड काढून मागितलंय."

"कुठून आणलंस?"

"दुकानातून."

"कुठल्या दुकानातून?"

"आई, टेन्शन नको घेऊस ना," म्हणून तिनं दार ओढून घेतलं. पण पिशवीतून तिनं दोन वेगवेगळ्या पुड्या काढलेल्या मी पाहिल्या होत्या. एकाच बोकडाचं मटण असेल तर दोन पुड्या कशाला?

मी सोफ्यावर बसून दाराच्या फटीतून वास घेत राहिले. आधी लोण्यात लसूण करपायच्या बेताला आलेला. मग बिडाच्या तव्यावर मांस टाकल्याचा चर्र आवाज, कुकरच्या शिट्टीचं नाव नाही. मटण म्हणजे वाटण, फोडणी, तर्री, तासभर शिजणं, हे ज्यांच्या हाडात मुरलंय त्यांनी तो दहा मिनिटांचा कारभार ऐकून दाखवावा. मध्येच ठोकल्यासारखा थप थप आवाज आला. मिलिंद टीव्ही बघत होता. दादा गॅलरीत होते, बॅग भरून दारापाशी ठेवलेली.

आठ वाजता सईनं चार ताटल्या आणून टेबलावर मांडल्या. प्रत्येकीत नावाला मोठा तो स्टेक, प्रत्यक्षात तळहाताएवढा, वरून काळसर तपकिरी. शेजारी पांढऱ्या सॉसमधल्या पास्त्याच्या नळ्या. त्यावर पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या फोडून भुरभुरलेलं ओरेगॅनो. दादांनी वाकून पाहिलं.

"ह्या नळ्यांवर काय वतलंय? खीर नासली जणू."

"क्रीम आहे आजोबा. मऊ आहे, खाऊन बघा," सई हसली आणि एक ताटली त्यांच्यापुढे सरकवली. "ही तुमची."

"माझीच का?"

"अशीच. ही तुमची, ही आईची, ही बाबांची."

दादांनी ताटलीकडे पाहिलं, मग सईच्या ताटलीकडे, मग सईकडे. मला ती नजर ओळखीची होती. ते उठून उभे राहिले. "नाव ठरवून आनल्याला वाटा आपल्यात चालत न्हाई. संगे, पाठ कर," ते मला म्हणाले.

हे मिलिंदला कळलं नाही, म्हणून इथे सांगते. आमच्या गावात आठ-दहा घरं मिळून बोकड घेतात आणि मटणाचे वाटे घालतात. केळीच्या पानावर सारखे ढीग, ह्यात कलेजीचा तुकडा, त्यात नळी. मग एक माणूस पाठ फिरवून उभा राहतो. दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "ह्यो कुनाचा?" पाठमोरा माणूस नाव घेतो आणि ज्याचं नाव आलं त्यानं तो ढीग उचलायचा. कुणाला काय आलं, त्यात कुणाचा हात नाही, त्यामुळे भांडण नाही. संशयी माणसांनीच ही रीत काढली असणार, आणि ती चोख आहे.

"नको आजोबा!" सई एकदम म्हणाली. "ती तुमचीच आहे. प्लीज." तिनं ताटलीवर हात ठेवला.

तिनं जितकं नको म्हटलं तितकी माझी खात्री पटत गेली. हिनं आजोबांना वेगळं काहीतरी वाढलंय. दोन पुड्या, बंद दार, आणि आता हा हात. मी म्हटलं, "होऊ दे की. रीत आहे आमची." आणि फ्रिजकडे तोंड करून उभी राहिले.

"ही कुनाची?"

"मिलिंदची."

"ही?"

"माझी."

"आन् ही?"

"तुमची, दादा. राहिलेली सईची."

वळले तर सईच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं. तिच्या हाताखालची ताटली माझ्या जागेवर आली होती.

जेवायला बसलो. मी पहिला घास घेतला आणि थबकले. सुरी लावायचीही गरज नव्हती, काटा टेकला की तुटत होतं, जिभेवर विरत होतं. मिलिंद मात्र समोर बसून चावत होता, चावतच होता. "मस्त झालंय," तो म्हणाला, पण त्याच्या कानशिलाची शीर उडत होती. दादांनी एक बारीक तुकडा तोंडात टाकला होता आणि तो या गालातून त्या गालात फिरवत होते.

"सई, हे कशाचं आहे?"

"मटणच आहे आई."

"मग बाबांचं रबर आणि माझं लोणी कसं?"

तिनं दादांकडे बघून मान खाली घातली.

"दोन पुड्या मी पाहिल्यात. खरं सांग, काय आणलंस?"

मी उठले, किचनमध्ये गेले आणि कचऱ्याचा डबा फरशीवर उपडा केला. लसणाची सालं, क्रीमचा खोका आणि दोन पिशव्या. एकीवर दुकानदारानं पेनानं खरडलं होतं, खिमा. म्हणजे तीन स्टेक खरे आणि चौथा खिमा थापून, दाबून, तव्यावर शेकून स्टेकच्या आकाराचा केलेला. ती पिशवी दोन बोटांत धरून मी बाहेर आले आणि म्हटलं, "घरात म्हातारं माणूस पाहुणं आलंय, त्याला असलं नकली वाढायला लाज नाही वाटली? की तेवढीच बचत?"

सईच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं, पण तोंड तिनं उघडलं नाही.

दादांनी तोंडातला तुकडा टॉवेलात काढला. मग कोपरीच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर सोडली. आत त्यांची खालची कवळी होती, दोन तुकडे झालेली.

"पोरीला बोलू नगंस," ते म्हणाले. "तिसऱ्या दिशी बेसिनात पडली माझ्या हातनं. हिनं बघितलं. मीच शपथ घातली हिला, आईला सांगशील तर बघ म्हनून. म्हटलं, आलो न्हाई तवर खर्चात पाडलं लेकीला, असं व्हायला नगं. घरी जाऊन बघू काय ते."

सहा दिवस. मी, थेंबभर रक्तात दोष शोधणारी बाई, सहा दिवस त्यांच्यासमोर भाकरी ठेवत होते आणि ते ती का मोडत नाहीत याची कारणं जमिनीच्या उताऱ्यात शोधत होते. आणि अठरा वर्षांची पोर शपथ न मोडता त्यांना मटण खायला घालायची युक्ती काढून बसली होती. नुसता खिमा वाढला असता तर त्यांना लागलं असतं, बाकीच्यांचं वेगळं आणि आपलं म्हाताऱ्याचं वेगळं म्हणून. म्हणून तो थापलेला आकार.

मी कसंबसं विचारलं, "मग दादा, तुम्ही पाठ करायला कशाला लावली? तुम्हालाही संशय आलाच ना?"

"आला की," ते म्हणाले. "पोरगी एकच ताटली म्होरं सारत हुती. मला वाटलं, बरं बरं मला घातलं आन् सोताला उरल्यालं घितलं. लेकराच्या तोंडचं कसं खावं?"

मी तिथेच खुर्चीत बसले. मला हा स्वभाव त्यांच्याकडून आला असं मी आयुष्यभर अभिमानानं सांगत आले होते. त्यांना संशय आला की समोरचा आपल्यासाठी स्वतःच्या पोटाला चिमटा घेतोय. मला संशय आला की समोरचा मला फसवतोय. मला वाटायचं मी गावाकडून सगळं जसंच्या तसं आणलं. अर्धंच आणलं होतं.

सईनं माझ्यापुढची ताटली उचलून दादांपुढे ठेवली आणि त्यांची माझ्यापुढे. दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खिमा खाल्ला, सगळा. पास्ताही खाल्ला. "खीर नासल्याली हाय, पर ग्वाड लागतीय," म्हणाले. मी तो स्टेक चावला. जबडा दुखून आला, पण एक तुकडा टाकला नाही.

भांडी घासताना मी सईची माफी मागितली. ती लगेच विरघळली वगैरे नाही. तवा घासत राहिली आणि म्हणाली, "तू विचारलंस याचं काही नाही गं. पण विचारायच्या आधीच तू ठरवलं होतंस." दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

परतीचं तिकीट मिलिंदनं रद्द केलं. कवळीचं माप द्यायला नेरूळला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आठवड्यानं माप, मग पुन्हा माप, मग कवळी. आठ दिवसांचा महिना झाला. दादा आता संध्याकाळी खाली बाकावर बसतात, वॉचमनचं गाव कुठलं, घरी कोण कोण, हे त्यांना ठाऊक आहे. सोसायटीतल्या कुणालाही ते आजवर ठाऊक नव्हतं.

घर कुठलं, असं तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्ही अजून गावाचंच नाव सांगता का? मी सांगायचे. आता जरा अडखळते.

नवी कवळी येऊन तीन आठवडे झाले. परवा सकाळी मी निघायच्या घाईत होते, तेव्हा दादा म्हणाले, "खालच्या अंगाला अजून टोचतीया. बाईंना परत एकदा दावाया लागंल. मग जातो म्हनं गावाला." मागच्या आठवड्यातही टोचत होती. दुपारी ते सईबरोबर चकली खात असतात, कडक, कुडूम कुडूम आवाज करत, असं सईच सांगते. मला दाट संशय आहे की ती कवळी मुळीच टोचत नाही. मी डॉक्टरीणबाईंची पुढची वेळ घेतली, आणि काही विचारलं नाही.