परीक्षेच्या तोंडावर रानफुलांत

"सप्टेंबरच्या सुट्टीत कॅम्पिंग? पीएसएलईच्या आधी?" आठव्या मजल्यावरच्या वहिनींनी लिफ्टमध्ये असं विचारलं, जणू मी पोरीला पळवूनच नेत होते.

पीएसएलई म्हणजे सिंगापूरची सहावीची परीक्षा. मुलांना पुढची शाळा कोणती मिळणार, ते तिच्यावर ठरतं. आईबापांनी मित्रमंडळींत कोणत्या तोंडाने जायचं, तेही.

आमची बारा वर्षांची इरा म्हणजे मुळात रेडिओ. २०१६च्या जूनपासून तो बंद पडला होता. शाळा, ट्यूशन, सरावाची असेसमेंट बुकं. काही विचारलं की "ओके". नखं कुरतडून बोटं लाल. एका रविवारी भाताला हातही न लावता ती म्हणाली, "कॅन आय गो अँड स्टडी?" मला भीती वाटली, अगदी खरी. त्याच दुपारी मी ऑस्ट्रेलियातल्या पर्थची तीन तिकिटं काढली. नवरा मंदार जुरोंग आयलंडवरच्या तेलकारखान्यात सेफ्टी इंजिनिअर, जिथे पासशिवाय पान हलत नाही. तो आठवडाभर धुमसला आणि मग एका अटीवर तयार झाला: गणिताचं पुस्तक बरोबर घ्यायचं.

पर्थ विमानाने पाच तासांवर आहे, घड्याळही बदलावं लागत नाही. कस्टम्सच्या फॉर्मवर खाण्याच्या वस्तू मुकाट्याने लिहून टाका. अधिकारी बाईंनी आमच्या मेतकुटाचा वास घेतला, आमच्याकडे एकदा निरखून पाहिलं आणि जाऊ दिलं. तंबू, शेगडी, स्लीपिंग बॅगा पर्थमध्ये भाड्याने मिळतात. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची. उत्तरेला पाचेक तास जायचं. पेट्रोल आणि प्यायचं पाणी शेवटच्या गावात भरून घ्या, पुढे नळ नाही. आणि उजेडात पोहोचा, तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात.

एरवी तिथे नुसती तांबडी, तापलेली माती. तिथल्या जून-जुलैच्या हिवाळ्यात पाऊस बरा झाला तर मात्र ऑगस्ट-सप्टेंबरात नजर पोहोचेल तिथवर गुलाबी, पांढरी, पिवळी फुलं! पाकळ्या कागदासारख्या कोरड्या, वाऱ्यात चक्क वाजतात. देवासाठी चार खुडायला माझा हात पुढे झालाच होता, पण तोडायला सक्त मनाई आहे. पाटी वाचून निमूटपणे मागे घेतला.

कॅम्पवर आगाऊ बुकिंग नव्हतं. जो आधी येईल त्याची जागा, दर रात्री माणशी आपल्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे सिंगापुरी खाऊगल्लीतल्या, एका जेवणाएवढे पैसे. एकच जागा उरली होती, लाकडी टेबलासकट. आम्हाला फुलं पाहायची घाई. मग आम्ही अस्सल सिंगापुरी काम केलं: टेबल 'चोप' केलं. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा आपली, कुणी हात लावत नाही. पाकीट उडू नये म्हणून इराने त्यावर गणिताचं पुस्तक ठेवलं आणि आम्ही निवांत निघून गेलो.

दोन तासांनी परत आलो तर आमच्या जागेवर भलामोठा तंबू! टेबलापाशी पांढऱ्या दाढीचे एक आजोबा पेन्सिल घेऊन बसलेले.

"अंकल, वी चोप्ड धिस ऑलरेडी लाह!" इरा ओरडली.

त्यांना ओ का ठो कळलं नाही. टिश्यू त्यांनी कचरा समजून टाकून दिले होते. पुस्तक मात्र उघडं होतं. "हे तुझं का?" ते इंग्रजीत म्हणाले. "सातव्या गणितावर तासभर बसलोय, बाळा. सुटतच नाही."

इरा त्यांच्याशेजारी बसली, तिने शाळेत शिकवतात तशा आकड्यांच्या पट्ट्या काढून दाखवल्या, दोन मिनिटांत उत्तर काढलं. आजोबा खो खो हसले. सगळा जन्म ट्रक चालवण्यात गेला, म्हणाले.

"तुम्हाला पीएसएलईत किती होते?" तिने विचारलं.

"ते काय असतं?"

इरा त्यांच्याकडे बघतच राहिली. पीएसएलई माहीत नसलेला मोठा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. मग ती मंदारकडे वळली. "बाबा, माझे मार्क्स बॅड आले तर यू विल बी सॅड, राइट?"

मंदारला खोटं बोलता येत नाही.

"हो," तो म्हणाला. "चारेक दिवस. मग सवय होईल."

"ओन्ली फोर डेज?"

"फार तर पाच."

ती हसली. कितीतरी महिन्यांनी. आजोबांनी आपला तंबू सरकवून आम्हाला जागा करून दिली. रात्री आमच्या खिचडीबरोबर त्यांनी लोणचं मागून मागून घेतलं. तीन रात्री कडाक्याची थंडी आणि दिवसा नाकातोंडात माश्या. जाड स्वेटर आणि तोंडावरची जाळी न्याच. दोन्ही आम्ही विसरलो होतो.

घरी येऊन तांबडी माती धुण्यात दोन शनिवार गेले. कमेंटमध्ये तुम्ही विचारणारच, म्हणून सांगते: मंदारच्या मनातली शाळा हुकली. त्याला वाईट वाटलं, आणि ते चार दिवसांत आवरलं नाही. पण जानेवारीत नव्या शाळेचा पहिला दिवस संपवून इरा घरी आली, बूटही न काढता बोलायला लागली ती जेवणाच्या टेबलापर्यंत बोलतच राहिली. नवी मैत्रीण, वेंधळे सर, कॅन्टीनमधले नूडल्स.

"आधी जेवून घे," मी म्हटलं.

"थांब गं," मंदार म्हणाला. "बोलू दे तिला."