ताईच्या रुखवतातला समुद्र

जरीपटक्याच्या बाजारात फुटाणेवाल्याच्या कढईतली वाळू तापली, की तो वास मला थेट ताईच्या लग्नाआधीच्या सकाळी नेऊन सोडतो. शेगडीवरच्या पातेल्यात कन्हान नदीची वाळू तापत होती आणि तिच्यात डबा ठेवून आई केक भाजत होती. ताईचं सासर मालवणचं, म्हणून रुखवतात समुद्रकिनाऱ्याचा केक मांडायचाच, असं आईने ठरवलं होतं. समुद्र तिने फक्त कॅलेंडरवरच्या चित्रात पाहिला होता.

"मे महिन्यात लोणी टिकते काय वं?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"नाही टिकलं तर पुन्हा लावीन," आई म्हणाली.

लोणी-साखरेच्या निळ्या लाटा खरंच वितळून परातीत उतरल्या. आईने त्या खरवडल्या, केक खिडकीतल्या वाळ्याच्या ओल्या, गार ताटीसमोर नेला आणि पुन्हा लावल्या. काठावर भाजलेल्या रव्याची वाळू पसरली, फणीवर वळलेले कणकेचे शिंपले तळून तिच्यावर मांडले.

मांडवात ताईच्या सासूबाई केकसमोर बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "अगदी आमचाच समुद्र."

कितीतरी वर्षांनी मी आईला मालवणला नेलं. लाटा सरळ आमच्या अंगावर येत होत्या. आईच्या केकवर मात्र त्या कन्हानच्या पाण्यासारख्या काठाकाठाने वाहत गेल्या होत्या. सासूबाईंना ते तेव्हाच दिसलं असणार.

आईने ओला पदर पिळला.

"मी तर नदी करून ठेवली होती," ती म्हणाली. "घरी चाल. आणखी एक केक करतो."