दिवा लागतो, मोटार फिरत नाही

आमच्या भाचेजावयाइतका किचकट माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्या दोघांना एका खोलीत बसवू नये. चहात साखर आधी की पत्ती आधी, यावर त्यांचा अख्खा पावसाळा जाईल. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करतो, जावई आहे. लिहिताना मात्र ‘तो’ म्हणणार. लिहिणारा मी आहे. मी चौथी शिकलोय, पण धसईच्या एसटी थांब्याजवळ चाळीस वर्षं मोटारी भरतोय, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळतोय, आणि माझ्या हातून गेलेली मोटार कधी परत आलेली नाही. आली असेल तर चूक वापरणाऱ्याची.

स्थळ म्हणून आला तेव्हा त्यानं मुलीला एक शब्द विचारला नाही. मला विचारलं, “मामा, ह्या पंख्याचं बटण कुठलं?” मी म्हटलं, तिसरं असेल. “असेल म्हंजे? बघितलंय का अंदाज?” तेव्हाच नारळ द्यायला हवा होता. अंदाज हा शब्द त्याला शिवीसारखा लागतो. पण भाचीला तो आवडला, आणि पंख्याचं बटण निघालं चौथं.

लग्न झालं तेव्हा तो आसनगावला राहायचा, कल्याणला नोकरी करायचा, आणि रविवारी आमच्याकडे येऊन कर्नेलची फुकट चाकरी करायचा. कर्नेल म्हणजे काय ते त्यानं मला तीन रविवार समजावलं. मला पहिल्याच रविवारी कळलं होतं, पण तो थांबेना. कॉम्प्युटरच्या आत एक कारभारी असतो, कुठल्या भागानं कधी काय करायचं ते तो सांगतो, तो कर्नेल. हा कारभारी कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरची माणसं त्याला घडवतात, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. पण नवा बोर्ड समोर आला की त्याच्या कुठल्या पिनेला काय जोडलंय हे कारभाऱ्याला आपोआप दिसत नाही. ते कुणीतरी बघून लिहून द्यावं लागतं. तो कागद तिथल्या वरिष्ठांना पटला की कर्नेलात जातो, आणि मग तसला बोर्ड जगात कुठंही चालतो.

या कामानं माणूस कसा बिघडतो ते सांगतो. तिथं नियम आहे म्हणे, एका वेळी एकच बदल पाठवायचा, तो का केला ते लिहायचं आणि खाली सही करायची. यानं हा नियम आमच्या ताटात आणला. एकदा आमच्या हिनं कालवणात मीठही वाढवलं आणि चिंचही. यानं घास घेतला आणि थांबला. “मामी, दोन बदल एकदम केलेत. आता कशानं बिघडलं, ते कसं कळायचं?” ही म्हणाली, “जेवा गुपचूप, नायतर तिसरा बदल करीन.” भाचीनं बाजाराची यादी दिली की हा ती नीट करून परत लिहायचा: ‘यादी, आवृत्ती दुसरी. बदल: कोथिंबीर वाढवली. कारण: पाहुणे. सुचवणाऱ्या: मामी.’ ही यादी त्यानं धसईच्या बाजारात भेंडीवालीला वाचून दाखवली. ती म्हणाली, “दादा, घ्यायची का नाय तेवढंच बोल रे.”

आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीवर मोटार चालवणारी एक पेटी आहे. पेटीत हिरवा बोर्ड. तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, तिच्याबरोबर कागदपत्रं गेली, आणि बोर्ड मनात आलं की हँग व्हायचा. मग टाकी कोरडी आणि बायका हंडे घेऊन विहिरीवर. जावयानं ठरवलं, हा बोर्ड कर्नेलात घालायचा. किती रविवार तो पेटीसमोर उकिडवा बसून एकेक पिन चाळवत होता, आणि काय हलतं ते वहीत लिहीत होता. सातव्या पिनेवर हिरवा दिवाही लागतो आणि मोटारीचा रिलेही ओढतो. रिले म्हणजे मोटार चालू-बंद करणारा खटका. नवव्या पिनेवर काहीच नाही. झालं, पेटी नव्या कर्नेलवर चालू झाली, टाकी भरली, सरपंचबाईंनी चहा पाजला.

दुसरा कुणी असता तर चहा पिऊन गप्प बसला असता. यानं कागद जगाला पाठवला. जगानं तो परत पाठवला: ओळी क्रमानं नाहीत. सुधारून पाठवला, तर परत: एकात दोन बदल आहेत. हे ऐकून आमची ही आठवडाभर हसत होती. हा मात्र खुशीत. “मामा, बघा कसला फाडलाय मला!” असं पेढे वाटल्यासारखं सांगायचा.

पाचव्या खेपेला मात्र कुठल्यातरी बर्फाच्या देशातल्या माणसाचं पत्र आलं. त्याच्याकडेही हाच बोर्ड. त्यानं लिहिलं, तुमचा कागद घातला. दिवा लागतो, मोटार फिरत नाही. माझी मोटार नवव्या पिनेवर आहे. जावयानं कळवलं, मी डोळ्यांनी पाहिलंय, सातवी. मग वरिष्ठानं अगदी गोड भाषेत विचारलं, पाहिलंय की अंदाज आहे? दोन बोर्डांचं एकमत होईपर्यंत मी हे घेणार नाही.

त्या रविवारी कालवण खारट होतं तरी जावई काही बोलला नाही. हात धुताना म्हणाला, “मामा, तिकडं माणसाचा शब्द गेला का त्याचं पुढलं कोण वाचत नाय. बोर्ड काय खोटं बोलत नाय. मंग मीच खोटा.”

मी उठून अंगणात गेलो. कारण मला आठवलं होतं. मागं एकदा टाकीजवळ वीज पडली तेव्हा तो बोर्ड माझ्याकडेच आला होता. नवव्या पिनेची वाट जळून कोळसा झालेली. मी डोकं चालवलं. मोटार चालू असते तेव्हाच दिवा लागतो ना? मग मोटारीनं दिव्याच्याच हुकमात राहावं. दिव्याच्या पिनेवरून केसाएवढी तार रिलेकडे नेली आणि वरून मोटारीचं वार्निश असं बसवलं की बनवणारा आला असता तरी फसला असता. गावात सांगितलं, नुसता पुसला. दुरुस्ती दिसली तर तो मिस्तरी कसला, असं मला हे काम शिकवणाऱ्यानं कानाला धरून शिकवलंय.

म्हणून मी गप्प राहिलो. एक रविवार, दोन रविवार. तिसऱ्या रविवारी जावई लॅपटॉप न घेताच आला. म्हणाला, “मागं घेतो कागद. लिहून टाकतो, माझा अंदाज होता.”

अंदाज! त्याच्या तोंडून! मी पायात चपला घातल्या. “चला टाकीवर.”

पेटी उघडली, बोर्ड उलटा केला, पातीनं वार्निश खरवडलं. तार चमकली.

“हे कवाचं?”

“वीज पडलेली तवाचं.”

“मामा, तीन रविवार तुमी गप?”

“दोन. तिसरा चालूय.”

मला वाटलं, ओरडेल. ओरडायला पाहिजे होतं. तो वाकला, तारेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “काय सफाई आहे ओ!” मग मोबाईल काढला.

“फोटो कशाला?”

“जगाला पाठवाया.”

“अहो जावईबापू, गावात तोंड दाखवायचंय मला!”

“कारण लिवाया लागतं, मामा.”

गेली माझी लपवाछपवी जगभर. बर्फवाल्याचं उत्तर आलं, इतकं सुबक काम बघितलं नव्हतं, वार्निश कुठलं वापरता? मी सांगितलं नाही. सहाव्या खेपेला कागद कर्नेलात गेला: मोटार नवव्या पिनेवर, दिवा सातव्या. खाली जावयाची सही, आणि चूक कुठं होती ते दाखवणारा म्हणून माझं नाव. मी म्हटलं, पुढं ‘मिस्तरी’ लावा. नाही लावलं. खुद्द वरिष्ठांच्या नावापुढंही काही नसतं, हे त्यानं दाखवलं, तेव्हा मी ऐकलं. तूर्त.

आता जगातले असले सगळे बोर्ड त्या कागदावर चालतात, फक्त आमचा चालत नाही. आमच्यात माझी तार आहे. म्हणून आमच्या एकट्या बोर्डापुरता त्यानं वेगळा कागद केलाय, जो कुठलाच वरिष्ठ घेणार नाही. कर्नेलची नवी आवृत्ती पेटीत घालायची तर हा कागद त्याला हातानं बसवावा लागतो. गेल्या वर्षी त्याची बदली पुण्याला झाली. रविवार सुटले. ही कालवणात मनाला येतील ते बदल एकदम करते आणि कुणी हूं की चूं करत नाही. नवी आवृत्ती निघाली की मात्र तो भाचीला मागं बसवून माळशेज घाट उतरून येतो, पेटीसमोर उकिडवा बसतो, मग जेवायला बसतो आणि पहिल्या घासाला थांबतो. ही पदराआड हसते.

मागच्या खेपेला म्हणाला, “मामा, तेवढी तार काढून मोटार नवव्या पिनेवर घ्या ना. मंग मला दर टायमाला यायाला नको.”

मी म्हटलं, “आता डोळ्याला दिसत नाय, जावईबापू. हात कापतो.”

कालच एका शिलाई मशीनच्या मोटारीत मी केसाएवढी तार भरली, चष्मा न लावता. टाकीवरचं काम अर्ध्या तासाचं आहे. करत नाही. कारण लिहावं लागतं, असं तो म्हणतो. हे कारण मी आजवर कुठं लिहिलं नव्हतं.