कडूबांच्या दारातली झोळी

झोळी गावातलं एकही दार चुकवत नाही, असं नंदाबाई अभिमानानं सांगत. जांब समर्थच्या वाटेवरच्या त्या गावात त्या रोज सकाळी भगवं फडकं खांद्याला अडकवून देवाचं नाव घेत निघत. भाकरी, वाटीभर पीठ, चार वांगी, ज्याच्या घरून जे येईल ते घेत. दुपारी देवळामागच्या पत्र्याच्या शेडात गावातली एकटी म्हातारी माणसं जेवत. अर्ज नाही, फोटो नाही. नवरा गेल्यावर मुलगा पुण्याला न्यायला आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग इथं कोण वाढील?" त्याला अकरा वर्षं झाली.

जेवायला सगळे येत. कडूबा येत नसत.

जन्मभर गवंडीकाम करून कडूबांच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. मशीनवर अंगठा उठेना, म्हणून आधी रेशन थांबलं, मग निराधार योजनेचा महिन्याचा पगार. तीनदा तहसीलला जाऊन आले. चौथ्यांदा एसटीची पायरी चढवेना, तसे माघारी फिरले. आता चार दिवस त्यांची चूल पेटलेली कुणी पाहिली नव्हती.

नंदाबाई ताट झाकून घेऊन गेल्या.

"मामा, गरम हाय तवर खावा."

"सरकारनं दिलं तर घीन. हक्काचं हाय ते. तुझं न्हाई खायचं मला."

"माझं कुठं हाय? गावाचं हाय."

"मंग मी गावात न्हाई का?" कडूबा भिंतीकडं बघत म्हणाले. "साहेबरावच्या दारात थांबती, भावनाच्या दारात थांबती. मधी माझं दार आलं की जल्दी जल्दी पाय उचलती. दोन सालापासून बघून राह्यलो."

खरंच होतं. कडूबांची बायको वारली त्या महिन्यात नंदाबाईंनी मनाशी म्हटलं होतं, या घराला काय मागायचं. मग पायांना तसंच वळण पडलं. त्या याला दया समजत होत्या. सरकारी मशीननं निदान अंगठा तरी मागितला होता. नंदाबाईंनी न विचारताच माणूस खोडून टाकला होता.

ताट घेऊन त्या परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबरावांच्या दारातून निघून त्या पुढच्या दारात उभ्या राहिल्या. झोळी पसरली.

"वाढा, मामा."

आत डबा वाजला. मग दुसरा. रिकाम्या डब्याचा आवाज नंदाबाईंना लगेच कळत असे. आपण पुन्हा चुकलो, म्हाताऱ्याला उघडं पाडलं, असं त्यांना वाटलं. पण आता निघून जाणं त्याहून वाईट होतं. त्या उभ्याच राहिल्या. शेजारची भावना उंबऱ्यात येऊन बघू लागली.

बऱ्याच वेळानं कडूबा बाहेर आले. ओंजळीत वाळलेली चिंच होती.

"चिचोके काढायचे राह्यलेत."

"काढू की आम्ही," नंदाबाई म्हणाल्या आणि झोळी त्यांच्या ओंजळीखाली धरली.

दुपारी कडूबा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून आले आणि पंगतीच्या ऐन मधोमध बसले. पहिली भाकरी कुणाकडं न बघता संपली. दुसरीला त्यांनी शेजारच्या धर्मराजला कोपरानं ढोसलं.

"आमटी कशी हाय?"

"आंबट हाय जरा."

"तोंड वाकडं करू नको, बिलकुल बराबर हाय. आमच्या घरची चिंच हाय ती."

शेडभर हशा पिकला.

"हळू खावा, मामा. पाच दिवसांचा उपास हाय, बाधंल," नंदाबाई म्हणाल्या.

"तू वाढ," कडूबा म्हणाले आणि ताट पुढं सरकवलं.