अण्णाची जागा

बँडमध्ये वाजवणाऱ्याकडं किस्से साठत जातात. दुसऱ्याच्या लग्नात आपण तासन् तास उभे असतो आणि आपल्याशी कोणी बोलत नाही, त्यामुळं वाजवणं झालं की बघणं एवढंच काम उरतं. पूर्वी परतीच्या टेम्पोत हे किस्से आम्ही एकमेकांना सांगायचो आणि हसून हसून पोट दुखायचं. आता त्यातलं समोर कोणी नाही. शिरूरच्या स्टँडवर चहा पिताना शेजारी कोणी बसलं की मी सुरू करतो आणि तो निम्म्यातच एसटी पकडून निघून जातो. तुम्हाला एसटी पकडायची नसेल तर बसा.

मी साईड ड्रम वाजवायचो. बँडचं नाव ढोलावर मोठ्या अक्षरात रंगवलेलं होतं, पण ते कोणी घ्यायचं नाही. सगळे ‘तात्यांचा बँड’ म्हणायचे. तात्या क्लॅरोनेट वाजवायचे आणि म्हादूअण्णा ट्रंपेट. तात्या एक ओळ विचारायचे, अण्णा ती फिरवून उत्तर द्यायचे. सवालाला वरात थांबायची, पोरं नाचायची आणि अण्णांचा जवाब आला की वरात पुढं सरकायची. नवरदेवाची घोडी गणूमामांची असायची, तिचं नाव राणी. तिलाही हे पाठ झालं होतं. सवाल ऐकला की थांबायची, जवाब ऐकला की चालायची. लगाम फक्त शोभेला.

वाजवणं सोडलं तर तात्या आणि अण्णा एकमेकांशी बोलायचे नाहीत. भांडण वगैरे काही नव्हतं. टेम्पोत दोघं शेजारी बसायचे, तात्या खिडकीकडं, अण्णा दाराकडं. एकदा तात्यांच्या मंडळींनी विचारलं, “इतकी वर्षं शेजारी बसताय आन् एक शब्द न्हाई. तुम्ही बोलत कसं न्हाई वो त्यांच्याशी?”

तात्या म्हणाले, “बोलतो की. दिवसभर तेच तर करतो.”

* * *

रांजणगावला कंपन्या आल्या आणि आमचा ढोलवाला बाळू एका कंपनीत लागला. शिफ्ट सांभाळून तो लग्नं करायचा. कंपनीच्या बसमधून उतरायचा आणि युनिफॉर्मवरच बँडचा लाल कोट चढवायचा.

एकदा कारेगावात मोठं लग्न होतं. बाळूची त्या दिवशी ड्युटी होती, म्हणून त्यानं ताप आल्याचा निरोप धाडला होता. वरात ऐन रंगात आली आणि फेटा बांधलेला एक माणूस नाचत नाचत ढोलापुढं आला. तो बाळूचा सुपरवायझर. नवरदेवाचा मामा निघाला!

नाचायचा थांबला आणि म्हणाला, “काय रे, तू आजारी आहेस ना?”

बाळूनं हात थांबवला नाही. म्हणाला, “व्हय साहेब, मी आजारी हाय. ढोलाला काय झालंय?”

सुपरवायझरनं त्याच्याकडं बघितलं, हसला आणि पुन्हा नाचायला लागला. त्या दिवसाची रजा त्यानं मंजूर केली, पण पुढं बाळूच्या शिफ्ट अशा लागल्या की मुहूर्त आणि सुट्टी कधी जुळेचनात. बाळू कधी सुटला ते आम्हालाही नीट कळलं नाही. टेम्पोत जरा मोकळं बसता यायला लागलं आणि ते मोकळं बसणं मला आवडलं नाही.

* * *

ट्रंपेटला दात लागतात. फुंक ओठांची असते, पण ओठांना मागून टेकायला दात लागतात. अण्णांचे पुढचे दात हलायला लागले, मग पडले. त्यांनी कवळी करून घेतली आणि घरी सराव करून पुन्हा टेम्पोत येऊन बसले. तात्यांनी विचारलं काही नाही. खिडकीकडं सरकून जागा केली.

निमोण्याच्या लग्नात तात्यांनी नेहमीचा सवाल टाकला. अण्णांनी छाती भरून जवाब सुरू केला आणि ऐन वरच्या सुरावर कवळी सुटली. ट्रंपेटमधून सूर यायच्या ऐवजी लांबलचक शिट्टी आली. मांडवातल्या एका बाईनं तिथूनच ओरडून सांगितलं, “अगं, कुकर बंद करा!”

सगळा मांडव हसला. आम्ही हसलो. अण्णाही हसले, तोंडावर हात धरून. मग ट्रंपेट पुसून पेटीत ठेवला आणि उरलेलं लग्न ते झाडाखाली बसून राहिले. शिरूरला उतरताना त्यांनी लाल कोटाची घडी घातली आणि टेम्पोत आपल्या जागेवर ठेवली.

पुढच्या लग्नाला ते आले नाहीत. त्यांचा मुलगा रेल्वेत होता, दौंडला. अण्णा त्याच्याकडं राहायला गेले होते. तो कोट मात्र कोणी उचलला नाही. टेम्पोत कितीही गर्दी झाली तरी माणसं उभी राहायची, तिथं बसायची नाहीत.

* * *

तात्यांनी नगरकडचा एक ट्रंपेटवाला आणला. तरणा होता, हात तयार होता. तात्यांनी त्याला एकच गोष्ट सांगितली, “समदं वाजव. फक्त मी सवाल केला का गप बसायचं.”

म्हणजे तात्या विचारणार, मग आम्ही सगळे थांबणार, अण्णांच्या जवाबाला लागायचा तेवढा वेळ तसाच जाऊ देणार आणि मग पुढं. लोकांना वाटायचं, बँड बंद पडला. नाचणारी पोरं हात वर करून तशीच उभी. राणीपण उभी, कारण तिला जवाब ऐकू आलेला नसायचा. गणूमामा तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगायचे, “चल बाई, झाला जवाब.” तरी ती जरा थांबूनच निघायची.

एका लग्नात नवरीचे वडील वैतागून तात्यांकडं आले. “अवो, मधी मधी बंद का पडतंय?”

“बंद न्हाई पडत,” तात्या म्हणाले. “तिथं अण्णाची जागा हाय.”

गृहस्थ एकदम नरमले. टोपी काढून म्हणाले, “अरेरे. कवा गेले?”

“गेला न्हाई,” तात्या म्हणाले. “दौंडला असतो.”

नगरकडचा तो गडी एक हंगाम टिकला. जाताना मला म्हणाला, “दत्ताभाऊ, मला वाजवायला आणलंय का थांबायला?” त्याचंही चूक नव्हतं.

* * *

मी तात्यांच्या मागं लागलो की दौंड काही विलायतेत नाही, एकदा भेटून या. शेवटी मीच त्यांना गाडीवर मागं बसवून घेऊन गेलो. रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर दोघं शेजारी बसले. सूनबाईंनी चहा दिला. यार्डात इंजिन पुढं-मागं करत होतं, ते दोघंही बघत होते.

बऱ्याच वेळानं तात्या म्हणाले, “बरं हाय?”

अण्णा तोंडावर हात धरून म्हणाले, “हाय.”

मग बराच वेळ इंजिन. मग तात्या उठले. “चला मग.”

मला रडावं का हसावं कळेना. एवढ्यासाठी एवढा रस्ता. परत येताना शिरूर जवळ आलं तसे तात्या मागून म्हणाले, “दत्ता, चांगल्या झाल्या गप्पा.”

माझ्याशी तेवढंही बोलणारं घरी कोणी नव्हतं, हे त्या वेळी फार जाणवलं.

* * *

मग डीजे आला. गाडीवर भिंतीएवढे बॉक्स रचलेले, गावाच्या वेशीपासून छाती हादरायची. आम्हाला बोलवायचे ते फक्त नवरदेव मारुतीच्या पाया पडायला जातो तेवढ्यापुरतं. तिथून पुढं डीजे. आम्ही कोट काढून जेवायच्या पंगतीची वाट बघत बसायचो.

त्यातच तात्यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी फुंकायला मनाई केली. तात्यांनी डॉक्टरांना सांगितलं की घेतलेल्या सुपाऱ्या संपल्या की क्लॅरोनेट ठेवून देतो. मला मात्र टेम्पोत वेगळंच म्हणाले. अण्णांच्या त्या कोटावर हात ठेवून म्हणाले, “दत्ता, सवाल करून करून थकलो रे. एकदा जवाब आला असता तर ठेवून दिलं असतं.”

* * *

शेवटची सुपारी दौंडची निघाली. तात्यांनी ती मुद्दाम घेतली होती की योगायोग होता, मी विचारलं नाही.

सकाळची वेळ, नवरदेव राणीवर, मारुतीचं देऊळ उजव्या हाताला. चौकात आलो आणि तात्या डावीकडं वळले.

नवरदेवाचे चुलते मागून ओरडले, “अवो मास्तर, मारुती हिकडं हाय!”

तात्यांना ऐकू आलं नाही, म्हणजे त्यांनी ऐकलं नाही. राणी तात्यांच्या मागं वळली. नवरदेव राणीवर, त्यामुळं तोही वळला. नवरदेव चालला म्हणून वऱ्हाड वळलं. असं ते सगळं लग्न रेल्वे कॉलनीत शिरलं. बायका दारात आल्या, पोरं गोळा झाली.

अण्णांच्या क्वार्टरसमोर तात्या उभे राहिले. अण्णा बनियनवर दारात आले, एका हातात पडदा धरून, दुसरा तोंडावर.

तात्यांनी सवाल केला. तोच, निमोण्याच्या लग्नातला. दम पुरत नव्हता, शेवटचा सूर थरथरला, पण ओळ पुरी केली आणि क्लॅरोनेट खाली घेतली. मी काड्या थांबवल्या. वऱ्हाड थांबलं, राणी थांबली. यार्डातल्या इंजिनाचाही आवाज नव्हता. अण्णांच्या जवाबाला लागायचा तेवढा वेळ गेला. त्याच्या दुप्पट गेला. गणूमामा राणीच्या कानाकडं वाकायला लागले, तसा तात्यांनी त्यांना हातानंच थांबवलं.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, ड्रमकडं बघितलं, तात्यांच्या कोटाकडं बघितलं. मग तोंडावरचा हात काढला. कवळी नव्हती, शब्द निसटत होते.

“तात्या,” अण्णा म्हणाले, “लई मोठी जागा सोडलीस रे.”

राणीनं कान टवकारले आणि चालायला लागली.