पालखीच्या दिवशी घासलेले दात

शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा अंगण सारवलेलं हवं, उंबरा धुतलेला हवा आणि पोरं न्हाऊन-माखून उभी हवीत. रीत चांगलीच आहे. पण तिच्यापायी माझ्या मुलीच्या दातांचं जे झालं, त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

त्या वर्षी पालखीच्या दिवशी सकाळी अंगणवाडीत दातांची डॉक्टरीण आली होती. पोलादपूरहून घाट चढून आमच्या वाडीत डॉक्टर येणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. तिच्या पुढच्या दातांवर हिरडीजवळ खडूसारखे पांढरे पट्टे होते. डॉक्टरीण म्हणाली, "ही किडीची सुरुवात आहे. हे दात अजून वाचतील." तिनं फ्लोराइडचा लेप लावला आणि बजावलं, "दात पिवळट दिसतील. उद्या सकाळपर्यंत घासायचे नाहीत."

मला दोनदा सांगायची गरज नव्हती. थोरल्या मुलाचे दात किडून काळे खुंट झाले होते. गाल सुजला तेव्हा महाडला नेऊन ते काढावे लागले. तो अजून तोंडावर हात धरून हसतो.

दुपारी मी विहिरीवरून आले तर मागच्या दारी मुंबईहून आलेली नणंद मुलीची हनुवटी धरून बसलेली. शेणीच्या राखेनं तिचे दात खसाखसा घासत होती आणि पोर रडत होती.

"काय गो वयनी, पोरीचं दात असं पिवळं ठेवलंस? देव दारात येतोय, मानसं काय बोलतील?"

"वन्सं, ते औषध होतं."

"असंल. दुधाचंच दात हायत, पडनारच."

"पडेपर्यंत तिनं जेवायचं कशानं?"

नणंदेच्या स्वतःच्या पर्समध्ये टूथपेस्ट आणि माझ्या पोरीला राख! वर रडं थांबवायला तिनं मुलीच्या हातात चॉकलेट दिलं. मी ते हिसकावलं तर घरभर मीच वाईट ठरले. सणाच्या दिवशी माहेरवाशिणीला बोलते म्हणे. संध्याकाळी पालखी अंगणात नाचली. मी ओटी भरली, पण देवाकडे काही मागितलं नाही, इतकी चिडले होते.

डॉक्टरीण परत आली ती पाऊस सरल्यावर. पट्टे तपकिरी होऊन दातांना खड्डे पडले होते. "आता नुसता लेप पुरायचा नाही, महाडला आणा," ती म्हणाली. त्या एका घासण्यानंच हे झालं, असं ती म्हणाली नाही. मी म्हणते.

दिवाळीला नणंद आली. मोबाइल समोर धरून लाडानं म्हणाली, "हस गो, फोटो काढते."

मुलीनं भावाकडे पाहिलं आणि त्याच्यासारखाच तोंडावर हात धरला.