छातीतला रातकिडा

शेनझेनच्या बाओआन भागात गल्लोगल्ली ई-सिगारेटी बनतात. तिथल्या एका तपासणी प्रयोगशाळेत मो हुइचन अकरा वर्षं एकच काम करत होती. कारखान्यातून आलेली ई-सिगारेट ती लाकडी टेबलावर ठेवायची आणि तिच्या तोंडाला रबरी नळी लावायची. नळीच्या दुसऱ्या टोकाला एक पंप होता. तो माणसासारखा झुरका घ्यायचा, थांबायचा, पुन्हा घ्यायचा. झुरक्याशिवाय आतली तार तापत नाही, आणि तार तापल्याशिवाय भोवतीचं विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजण्यात अर्थ नाही. मग ती मोजणीचा पांढरा गोळा जवळ धरायची आणि पडद्यावरचा आकडा लिहून घ्यायची. आकडा मर्यादेच्या आत असला की दाखला, खाली तिची सही.

नवीन आलेल्या मुली चेष्टा करायच्या, "मो ताई, अकरा वर्षं त्या पंपाला सिगारेटी पाजतेयस. खोकला कसा नाही झाला त्याला?"

"त्याच्या घरी आई आहे ना ओरडायला, म्हणून लपवतो," ती म्हणायची.

कामात मात्र ती फार नेटकी होती. प्रत्येक आकडा तीनदा घ्यायची. तिसरा दुसऱ्याशी जुळला नाही तर पहिल्यापासून सुरुवात. तिची सही असलेला कागद वरचे लोक पुन्हा उघडूनही बघत नसत, आणि याचा तिला मनातून थोडा अभिमान होता.

तिचे वडील, मो थिंगफू, ग्वांगशीच्या डोंगरातल्या गावी राहायचे. माणूस मिश्कील, पण बांबूच्या जाड नळीतून पाण्यावर ओढायच्या चिलमीचा चाळीस वर्षांचा गुलाम. दोन वर्षांपूर्वी ते भाताच्या खळ्यावर कोसळले. नाननिंगच्या इस्पितळात गळ्याच्या डाव्या हाडाखाली, छातीच्या वरच्या बाजूला, काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. हृदयाचा ठेका सुटून ते नुसतं थरथरू लागलं, की हे यंत्र आतून झटका देऊन त्याला ताळ्यावर आणणार होतं. डॉक्टरांनी हुइचनला बाबांच्या देखतच सांगितलं, "यंत्र त्याचं काम करेल. पण ती चिलीम सुटली नाही तर ते तरी किती पुरं पडेल?"

तेव्हापासून हुइचनच्या जिवाला एकच घोर लागला. बाबांची चिलीम सुटली पाहिजे.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. त्याची बोटं सिगारेटीने पिवळी होती, तेही बघितलं."

ते डुकरांच्या खाद्याच्या पोत्यांमागे चिलीम लपवायचे. आई शोधून काढायची, ते नवी जागा बघायचे. "छातीत यंत्र बसवलं तसं डोक्यातही एखादं बसवून घ्यायला हवं होतं," आई फोनवर म्हणायची. तिच्या बोलण्यात राग कमी आणि थकवा जास्त असायचा.

प्रयोगशाळेत एक रीत होती. तपासून झालेले नमुने तीन महिने कपाटात पडून राहत. कारखान्याने परत मागितले नाहीत, तर ज्याला हवं त्याने न्यावं. हुइचनने तोवर कधी काही नेलं नव्हतं. नववर्षाच्या सुट्टीआधी तिने एक निळी, धातूची ई-सिगारेट बाजूला काढली. वरची, अर्क भरलेली कांडी नुसती सोडली की टक्कन जागेवर बसायची. म्हाताऱ्या बोटांना सोपं. ती अशी बसे कारण आत दोन चुंबक होते. तसे ते बहुतेक साऱ्या ई-सिगारेटींत असतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

इस्पितळाने दिलेली पुस्तिका तिने पुन्हा वाचली. विजेच्या यंत्रांपासून सावध राहा, असं लिहिलं होतं. त्याखाली चुंबकाची एक ओळ होती. ती वाचताना तिच्या डोळ्यांपुढे इस्पितळातलं ते एमआरआयचं मोठं, बोगद्यासारखं यंत्र आलं, आणि ओळ त्याबद्दलच आहे असं समजून तिने पान उलटलं.

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे गेल्यावर तिने ती निळी ई-सिगारेट पंपाला लावली. नियमाप्रमाणे तीस सेंटिमीटरवरून मोजलं. मग वीतभर अंतरावरून. मग नियमात नसलेलं केलं. गोळा अगदी टेकवून मोजलं, तीनदा. आकडा इतका लहान होता की खोलीतल्या दिव्यांचा त्याहून मोठा आला असता. ती समाधानाने डबा खायला गेली.

तिचं मोजमाप चुकलं नव्हतं. त्या गोळ्याला थरथरणारं, बदलणारं क्षेत्र तेवढं दिसे. जागच्या जागी गप्प बसलेला चुंबक त्याला दिसतच नसे. हे तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पण अकरा वर्षांत कुठल्याही कागदाने तिला गप्प चुंबकाबद्दल विचारलं नव्हतं. जे कुणी विचारत नाही, ते माणसाच्या ध्यानातून निघून जातं.

बाबांना वस्तू आवडली. आईने तंबाखूची पिशवी चुलीत टाकली आणि चिलमीचा बांबू घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून रोवला. तंबाखूची पिशवी चाळीस वर्षं ज्या खिशात असायची, त्याच डाव्या खिशात आता ही निळी वस्तू जाऊन बसली.

"पोरी," बाबा फोनवर म्हणाले, "तुझी विजेची चिलीम बरी आहे. पण धुराला वास नाही, त्यामुळे तुझी आई विचारते, ओढताय की लहान मुलासारखं चोखताय?"

"आईला विचारू दे. दम लागतो का चढावर?"

"कमी झालाय. फक्त छातीत एक रातकिडा येऊन बसलाय. दुपारी आरामखुर्चीत पडलो की पीं पीं करतो. उठलो की गप्प."

हुइचन हसली. "खिशात मोबाईल असेल."

"मोबाईल तुझ्या आईकडे. तिच्या मालिका संपतील तेव्हा मला मिळणार."

"मग तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना सांगा."

"रातकिड्यासाठी डॉक्टर? इथे झाडागणिक एक आहे."

तपासणी भाताच्या कापणीत आली, म्हणून पुढे ढकलली. कापणी संपायच्या आतच, एका दुपारी, पेज पिऊन आरामखुर्चीत पडलेले बाबा उठले नाहीत. आई हाक मारायला गेली तेव्हा त्यांचे डोळे अर्धे उघडे होते. आडवं पडल्यामुळे खिशातली वस्तू सरकून वर, गळ्याच्या हाडापाशी आली होती.

गावच्या रीतीप्रमाणे आईने बाबांच्या आवडीच्या वस्तू त्यांच्या नावाने जाळायला काढल्या. कोट, टोपी, निळी ई-सिगारेट. "ही पण देऊ," आई म्हणाली. "नाहीतर तिकडे जाऊन पुन्हा तंबाखू शोधत बसतील."

"आगीत बॅटरी फुटेल, आई. ती राहू दे." हुइचनने ती उचलून टेबलावर ठेवली.

आई तिच्या बाहीला दुखवट्याची काळी पट्टी शिवत होती. दोरा संपला म्हणून तिने सुई टेबलावर ठेवली. सुई सरकली आणि टिक असा आवाज करून निळ्या धातूला जाऊन चिकटली.

हुइचनने सुई ओढून काढली; सोडताच ती पुन्हा चिकटली. मग तिने आपल्या पिशवीतून इस्पितळाची पुस्तिका काढली आणि तेव्हा उलटलेलं पान वाचलं. चुंबक यंत्राजवळ आला, तर तो तिथे आहे तोवर यंत्र झटका देणं थांबवतं. इशारा म्हणून आवाज करतं.

बाहेर शेजारच्या बायका आईला सांगत होत्या, "मुलगी असावी तर अशी. बापाची चिलीम सोडवली. नाहीतर एवढे तरी दिवस कुठले मिळायला." हुइचनने बाहेर जाऊन त्यांना चहा दिला. आईला काहीच न सांगता ती शेनझेनला परतली.

मार्चमध्ये तोच नमुना हिरव्या रंगात प्रयोगशाळेत आला. तिने तीनदा मोजलं. आकडे मर्यादेच्या आत होते. मग तिने खणातून सुई काढून जवळ धरली आणि शेऱ्याच्या जागेत लिहिलं: आत कायम चुंबक आहेत, छातीत हृदयाचं यंत्र असलेल्यांनी वरच्या खिशात ठेवू नये.

प्रयोगशाळेचा प्रमुख छू याने तिला बोलावलं. "मो ताई, हे नियमात आहे?"

"नाही."

"गिऱ्हाईकाने विचारलंय?"

"नाही."

"मग न विचारलेल्याचं उत्तर कशाला?"

"माझ्या वडिलांनी विचारलं होतं," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं.

छू वाईट माणूस नव्हता. त्याने उठून तिला पाणी आणून दिलं. मग खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. "ही ओळ ठेवली तर गिऱ्हाईक समोरच्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत जाईल," तो म्हणाला. "तिथे ही ओळ कुणीच लिहिणार नाही. मग उपयोग काय झाला?"

संध्याकाळी दाखला निघाला. ती ओळ त्यात नव्हती, आणि खाली दुसऱ्या कुणाची तरी सही होती.

एप्रिलमध्ये, पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करायच्या सणाला, ती गावी गेली. आई आणि ती दोघीच टेकडीवर होत्या. आई विळ्याने गवत काढत होती. हुइचनने उदबत्त्या लावल्या आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"आई, तो रातकिडा यंत्राचा होता. चुंबक दूर करा म्हणून सांगत होतं ते. आणि चुंबक मी आणून दिला होता."

आईचा विळा थांबला नाही. एक पट्टा पूर्ण कापून झाल्यावर ती म्हणाली, "मी ऐकायची तो."

"काय?"

"आवाज. रोज दुपारी. मला वाटायचं, यंत्र चालू असल्याचा आहे." आईने मुठीतलं गवत बाजूला टाकलं. "आवाज येतोय तोवर सगळं ठीक, म्हणून मी निवांत भांडी घासायची. त्या दिवशीही येत होता."

हुइचन तिच्याजवळ जाऊन बसली. आईने तिच्याकडे बघितलं नाही, फक्त विळा तिच्या हातात दिला आणि आपण उघड्या हातांनी गवत उपटू लागली.